भाकरीची रांग आणि पाहणारे डोळे

दारिद्र्य हा कलेचा फार जुना विषय आहे. परंतु दरिद्री समाजातील कलावंताने दारिद्र्याविषयी बोलणे आणि संपन्न समाजातील कलावंताने बोलणे यांत मोठे अंतर आहे, असे आम्हांला वाटते. दरिद्री समाजात हा विषय दारात उभा असतो. त्याच्याकडे पाठ फिरवायची म्हटली तरी फिरवता येत नाही. संपन्न समाजात तो हमरस्त्यापासून दूर, वस्तीच्या पलीकडे, सरासरी उत्पन्नाच्या आकड्याखाली दडलेला असतो. कलावंताला तो आधी शोधावा लागतो, मग दाखवावा लागतो. आणि ज्यांना दाखवायचा ते बहुधा स्वतः दरिद्री नसतात. चित्रदालनाचे तिकीट, पुस्तकाची किंमत, मासिकाची वर्गणी ज्यांना परवडते, त्यांच्यासमोर ज्याला ती परवडत नाही त्याचा चेहरा मांडायचा, असा हा पेच आहे.

जगातील सर्वांत संपन्न म्हणवल्या गेलेल्या समाजाने, म्हणजे अमेरिकेने, हा पेच गेल्या नव्वद वर्षांत कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. १९६२ साली मायकेल हॅरिंग्टन या लेखकाने 'दि अदर अमेरिका' हे पुस्तक लिहून त्या देशात चार ते पाच कोटी माणसे दारिद्र्यात जगत असल्याचे सांगितले. त्याचा मुख्य सिद्धान्त असा, की ही माणसे सुखवस्तू अमेरिकेला दिसेनाशी झाली आहेत. हॅरिंग्टनने तरुणपणी, १९५० नंतरच्या काळात, न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे यांच्या 'कॅथलिक वर्कर' चळवळीत काम केले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. जे इतरांना दिसत नव्हते ते त्याने भाकरीच्या रांगेत रोज पाहिले होते. पण 'दिसणे' एवढ्यानेच प्रश्न सुटतो काय? आमच्या मते येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

१

१९९८ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या टपाल खात्याने बत्तीस सेंटच्या तिकिटावर एका स्त्रीचे छायाचित्र छापले. आणि त्याच छायाचित्राची एक जुनी प्रत सोदबीजच्या लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरला विकली गेली. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने ती घेतली. छायाचित्रातील स्त्री त्याआधी पंधरा वर्षे, १९८३ साली, वारली होती. तिने आयुष्यभर कापूस वेचला, वाटाण्याच्या शेंगा तोडल्या, मिळेल ते काम केले. या छायाचित्राचा तिला एक सेंटही मिळाला नव्हता.

ते छायाचित्र 'मायग्रंट मदर', म्हणजे 'स्थलांतरित माता', या नावाने जगभर ओळखले जाते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग हिने ते टिपले. लँग पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत धनिकांची छायाचित्रे काढीत असे. मंदीच्या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीखालून जाणारे बेकार पुरुष पाहून ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. पुढे सरकारच्या पुनर्वसन खात्याने ग्रामीण दारिद्र्याची छायाचित्रे काढण्याचे काम ज्या मंडळींना दिले, त्यांत ती होती. या उपक्रमातून सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह जमल्या. आज त्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. कलावंतांना पगार देऊन एखाद्या सरकारने आपल्याच देशाच्या उणिवा एवढ्या विस्ताराने टिपून घेतल्याची उदाहरणे थोडी असतील, हे श्रेय प्रथम दिले पाहिजे.

निपोमोला त्या वर्षी थंडीने पीक गोठून गेले होते. तोडायला शेंगा नव्हत्या आणि हाताला काम नव्हते. लँगने तेथे थोडाच वेळ काढला. तिच्या पहिल्या छायाचित्रात सारा तंबू दिसतो, सामान दिसते, एक किशोरवयीन मुलगी दिसते. पुढच्या प्रत्येक छायाचित्रात ती जवळ जात गेली. शेवटच्या छायाचित्रात आई, मांडीवरचे तान्हे मूल आणि पाठमोरी तोंडे लपवलेली दोन मुले एवढेच उरले. आईचा हात हनुवटीशी आहे आणि नजर आपल्यापलीकडे कोठे तरी लागली आहे. मरियेच्या मांडीवरील बाळ येशूची चित्रे पाहत वाढलेल्या डोळ्यांना ही रचना ओळखीची वाटते. तिच्या परिणामाचे एक कारण हेच असावे.

परिणाम तत्काळ झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात बातमी व छायाचित्रे आली आणि सुमारे वीस हजार पौंड अन्नधान्य त्या तळावर पाठवले गेले. ते पोचले तेव्हा ही स्त्री आणि तिची मुले तेथून पुढे निघून गेली होती.

लँगने तिचे नाव विचारले नाही. हे तिनेच १९६० साली एका छायाचित्रण-मासिकात लिहिले. अन्नासाठी या कुटुंबाने गाडीचे टायर विकले होते असेही तिने लिहिले; कुटुंबाने पुढे ते नाकारले. १९७८ साली त्या स्त्रीने स्वतःच पुढे येऊन आपली ओळख सांगितली, तेव्हा जगाला फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव कळले. ती चेरोकी आदिवासी वंशाची होती. चाळीस वर्षे गौरवर्णीय अमेरिकेने जिला आपल्यातली गरीब शेतकरीण समजून अश्रू ढाळले, ती त्यांनी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांची लेक होती. हे छायाचित्र काढले गेले नसते तर बरे झाले असते, असे तिने त्या वेळी बोलून दाखवले. मात्र १९८३ साली ती आजारी पडली, मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि देशभरातून पत्रे व पैसे आले. तोवर ज्या छायाचित्राची लाज वाटत होती, त्याचा त्या पत्रांमुळे मुलांना अभिमान वाटू लागला. सत्य असे दुहेरी आहे, म्हणून लँगला एका वाक्यात दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. सरकारी मालकीच्या या छायाचित्रावर तिलाही मानधनाचा हक्क नव्हता.

आमचा आक्षेप मानधनाविषयी नाही. कॅमेरा जसजसा जवळ गेला, तसतसा तळ नाहीसा झाला, मळ्याचा मालक नाहीसा झाला, मजुरीचा दर नाहीसा झाला. उरली फक्त आई. आई पाहिली की दया येते. मजुरीचा दर पाहिला असता तर कदाचित राग आला असता, आणि तो दर ठरवणाऱ्यांत आपण आहोत काय, अशी शंकाही आली असती. दारिद्र्याचा चेहरा जितका सुंदर होत जातो, तितका वर्गाचा प्रश्न चौकटीबाहेर जातो. संपन्न समाजाला ही सोय फार मानवते.

२

चौकटीबाहेर काय जाते याचे याहून बोलके उदाहरण लँगच्याच दुसऱ्या एका छायाचित्राचे आहे. १९३६ सालीच मिसिसिपी राज्यात तिने कापसाच्या मळ्यावरील एका गोऱ्या अधिकाऱ्याचे छायाचित्र काढले. हा धिप्पाड गृहस्थ मोटारीच्या बंपरवर पाय टेकून ऐटीत उभा आहे. त्याच्या मागे दुकानाच्या ओट्यावर त्याच्या हाताखालचे काही कृष्णवर्णीय मजूर बसले-उभे आहेत. मोटार कोणाची, जमीन कोणाची, ओटा कोणाचा, हे सांगायला शब्द लागत नाहीत. १९३८ साली कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश याने 'लँड ऑफ द फ्री' या आपल्या पुस्तकात हे छायाचित्र घेतले. पण मागचे मजूर कापून टाकले. राहिला एकटा गोरा पुरुष आणि शेजारी स्वातंत्र्याचे काव्य. जो माणूस मूळ चित्रात सत्तेचे प्रतीक होता, तो कात्री लागल्यावर स्वाभिमानी स्वतंत्र अमेरिकनाचे प्रतीक झाला! मॅक्लीश दुष्ट नव्हता. गरिबांविषयी त्याला कळवळाच होता. पण कळवळ्याच्या हातातही कात्री असते, हे आपण विसरू नये.

शब्दांचीही अशीच कात्री असते. गांधीजींचे चरख्याजवळील प्रसिद्ध छायाचित्र १९४६ साली ज्यांनी काढले त्या मार्गारेट बर्क-व्हाइट आपल्याकडे परिचित आहेत. त्यांनी कादंबरीकार अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासह दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांवर १९३७ साली एक पुस्तक काढले. त्यातील छायाचित्रांखाली त्या माणसांच्या तोंडी घातलेली वाक्ये लेखकांनी स्वतः रचलेली होती, आणि तसे त्यांनी पुस्तकाच्या आरंभी मोकळेपणाने सांगितलेही आहे. हा प्रामाणिकपणा मान्य करूनही आम्ही विचारू, की बँकेच्या संचालकाच्या छायाचित्राखाली त्याच्या मनातील वाक्य रचून छापण्याचे धाडस कोणी केले असते काय? गरिबाच्या तोंडी शब्द घालता येतात, कारण तो पुस्तक वाचून फिर्याद करणार नाही याची खात्री असते. याउलट लँग आणि तिचे अर्थशास्त्रज्ञ पती पॉल टेलर यांनी १९३९ साली 'ॲन अमेरिकन एक्झोडस' हे पुस्तक केले, त्यात त्या माणसांनी प्रत्यक्ष उच्चारलेली आणि टिपून ठेवलेली वाक्येच छापली. निपोमोत नाव न विचारणारी लँग तीन वर्षांत येथवर आली होती. कलावंत शिकतो, तो असा.

त्याच सरकारी खात्यात १९४२ साली गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय तरुण दाखल झाला. कॅन्ससमधील गरीब घरातील पंधरा भावंडांत तो धाकटा. वॉशिंग्टनमध्ये आल्याबरोबर हॉटेलात, दुकानात, चित्रपटगृहात रंगामुळे त्याला अपमान सोसावा लागला. मग त्याने आपल्याच कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंशी बोलायला सुरुवात केली. आधी तिची हकीकत ऐकली आणि मग तिला राष्ट्रध्वजासमोर एका हाती झाडू व शेजारी मॉप घेऊन उभे केले. हे छायाचित्र आपल्या सर्वांच्या नोकऱ्या घालवील, असे त्याचे वरिष्ठ म्हणाल्याचे पार्क्सने सांगितले आहे. पण पार्क्स तेथे थांबला नाही. त्या उन्हाळ्यात तो तिच्या घरी गेला, तिची नातवंडे टिपली, तिचे देवघरासारखे सजवलेले टेबल टिपले, तिच्या चर्चमधील उपासना टिपली. तिचे नाव पहिल्यापासून नोंदले गेले. या छायाचित्रमालेत एला वॉटसन गरीब आहे, कामगार आहे, आजी आहे, भक्त आहे आणि ध्वजाखाली उभी असलेली नागरिकही आहे. दया येण्यापूर्वीच पाहणाऱ्याला मान खाली घालावी लागते. स्वतः भोगलेल्याने लिहावे की सहानुभूती असलेल्याने, हा वाद आपल्याकडे बाबूराव बागुल, नामदेव ढसाळ, दया पवार यांच्या लेखनानंतर झडला. पार्क्सचे उदाहरण त्या वादात आम्हांला मोलाचे वाटते. भोगल्यामुळे त्याला अधिकार मिळाला हे खरे. पण त्या अधिकारावर विसंबून न राहता त्याने विचारपूस करण्याचे कष्ट घेतले.

३

स्वतः गरीब नसलेल्या कलावंताने मग काय करावे? या प्रश्नाशी सर्वांत अधिक झगडणारे पुस्तक जेम्स एजी आणि वॉकर एव्हान्स यांचे 'लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन' हे होय. त्याची जन्मकथाच बोधक आहे. 'फॉर्च्युन' हे उद्योगपतींसाठी निघालेले, डॉलरभर किमतीचे देखणे मासिक. त्याने १९३६ च्या उन्हाळ्यात या दोघांना अलाबामा राज्यात, कापूस पिकवणाऱ्या कुळांवर लेख करण्यासाठी पाठवले. ही कुळे जमीन अर्धेलीने कसत. बियाणे, खत आणि किराणा जमीनदाराकडून उधार घेत. आणि हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की बहुधा देणेच शिल्लक राहत असे. आपल्याकडच्या सावकारीची ज्यांना माहिती आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. लेख मासिकाने छापला नाही. एजीने त्याचे चारशेहून अधिक पृष्ठांचे पुस्तक केले. १९४१ मध्ये ते निघाले तेव्हा जेमतेम सहाशे प्रती खपल्या. एजी १९५५ मध्ये वारला. १९६० साली पुस्तक पुन्हा निघाले आणि मग अभिजात ठरले.

पुस्तकाचे नाव आपल्या बायबलमध्ये असलेल्या, पण प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये नसलेल्या सिराखच्या ग्रंथातून, त्याच्या ४४ व्या अध्यायातून घेतले आहे. कीर्तिवंत पूर्वजांच्या स्तुतीने तो अध्याय सुरू होतो; पण पुढे ज्यांची काहीच आठवण उरली नाही, जे जणू जन्मलेच नव्हते, अशांकडेही तो वळतो. एजीचा रोख या दुसऱ्या माणसांकडे आहे. अँग्लिकन मठवासीयांच्या शाळेत शिकलेल्या या लेखकाला उपासनेची भाषा ठाऊक होती. त्या कुटुंबांच्या घरातील दिवा, कपाटाचा खण, चपटे झालेले बूट, धुऊन विटलेले कामाचे कपडे, फळ्यांच्या फटी यांचे वर्णन तो वेदीवरील पात्रांकडे पाहावे तसे करतो. जमले असते तर आपण काही लिहिलेच नसते, कापडाचे तुकडे, कापूस आणि मातीची ढेकळेच पुढे ठेवली असती, अशा आशयाचे तो सांगतो. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची गुपिते पैसे घेऊन जगापुढे मांडणे हे अश्लाघ्य आहे याची त्याला पानोपानी जाणीव आहे. एव्हान्सची छायाचित्रे पुस्तकाच्या प्रारंभी येतात. त्यांखाली नाव नाही, गाव नाही, मथळा नाही. माणसे सरळ आपल्याकडे पाहतात. लँगची माता आपल्यापलीकडे पाहते. एव्हान्सची माणसे आपल्यालाच पाहतात. पाहणारा येथे पाहिला जातो.

या पुस्तकाविषयी आमच्या मनात आदर आहे, परंतु त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. एजीचा अपराधभाव इतका ओसंडून वाहतो, की पुष्कळदा पुस्तकाचा नायक कूळ नसून एजीच होतो. पश्चात्ताप हा आत्म्याला आवश्यक आहे. पण ज्याच्याविषयी पश्चात्ताप करायचा त्याच्याच अंगणात बसून रात्रभर मोठ्याने रडत राहिले तर त्याची झोपमोड होते, एवढेच. एजीने कुटुंबांना टोपणनावे दिली होती, तरी पुस्तक गाजल्यावर ती ओळखली गेली. पन्नास वर्षांनी डेल महारिज आणि मायकेल विल्यम्सन यांनी त्या वंशजांचा शोध घेऊन लिहिलेल्या पुस्तकाला १९९० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. एजीच्या पुस्तकाने आपल्या आईबापांची अब्रू गेली अशी खंत त्या वंशजांपैकी काहींच्या मनात होती. एका बाजूस अभिजात साहित्य, दुसऱ्या बाजूस एका कुटुंबाची लाज. या दोन्हींचे वजन एकाच तराजूत कसे करावे हे आम्हांला सांगता येत नाही. पण समीक्षेने दुसरे पारडे विसरू नये.

४

आता आम्ही अशा एका चित्राकडे येतो, जे संग्रहालयासाठी केलेले नव्हते. १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन चौकात डोरोथी डे यांनी 'कॅथलिक वर्कर' या पत्राचा पहिला अंक विकला. किंमत एक सेंट. ती किंमत त्या पत्राने पुढेही कधी वाढवली नाही. पत्रासोबत आतिथ्यगृहे आली, सूप आणि पाव यांची रांग आली. पत्राला चित्रे हवी होती, कारण रांगेतील अनेकांना वाचता येत नव्हते. आदे बेथ्यून या बेल्जियममध्ये जन्मलेल्या तरुणीने आरंभीच्या वर्षांत संतांची चित्रे काढून दिली. तिचे संत ढगांत उभे नसतात. ते रांधतात, झाडतात, सुतारकाम करतात. पत्राच्या शीर्षकपट्टीसाठी तिने एक गोरा व एक कृष्णवर्णीय कामगार आणि त्या दोघांमध्ये ख्रिस्त असे चित्र काढले. त्या काळच्या अमेरिकेत अनेक ठिकाणी या दोन कामगारांना एका बाकावर बसता आले नसते.

१९४९ साली डोरोथी डे यांची फ्रिट्झ आयखेनबर्ग यांच्याशी भेट झाली. आयखेनबर्ग कोलोनचे, ज्यू कुटुंबातले; हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आले व पुढे क्वेकर पंथात सामील झाले. दस्तयेवस्की आणि टॉलस्टॉय यांच्या कादंबऱ्यांची त्यांनी केलेली काष्ठमुद्राचित्रे प्रसिद्ध होती. डोरोथी डे यांच्या विनंतीवरून या नामवंत कलावंताने एक सेंटच्या पत्राला विनामूल्य चित्रे दिली. त्यांतील १९५० च्या सुमाराचे 'क्राइस्ट ऑफ द ब्रेडलाइन्स' म्हणजे 'भाकरीच्या रांगेतील ख्रिस्त' हे आमच्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत समंजस चित्र आहे.

काष्ठमुद्रेत लाकडाचा जो भाग कोरून काढावा तो कागदावर पांढरा उमटतो आणि न कोरलेला काळा राहतो. म्हणजे कलावंत अंधारातून उजेड कोरून काढीत असतो. या चित्रात अंगाभोवती कपडे लपेटलेली, खांदे पाडलेली माणसे एकामागोमाग उभी आहेत. मधोमध ख्रिस्त आहे. त्याच्या मागे प्रकाश आहे, पण तो स्वतः इतरांसारखाच काळोखात आहे. तो वाढायला आलेला नाही. घ्यायला आला आहे. या चित्रात वाढणारा हात कोठेही दाखवलेला नाही. दानशूराला येथे जागाच ठेवलेली नाही, ही आम्हांला या चित्राची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. लँगच्या मातेपुढे आपण दात्याच्या जागी उभे असतो. एजीच्या पुस्तकापुढे अपराध्याच्या. आयखेनबर्गच्या चित्रापुढे या दोन्ही जागा आपल्याला मिळत नाहीत. रांगेत शिरावे किंवा बाहेर राहावे, एवढेच उरते.

चेहरे जवळजवळ दिसत नसल्यामुळे येथे कोणाचीही गुपिते उघडी पडत नाहीत, हेही महत्त्वाचे. डोरोथी डे स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि लादलेले दैन्य यांत नेहमी भेद करीत. पहिले हे व्रत. दुसरे हा अन्याय. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊन गौरवणे हे ख्रिस्ती लेखनातील एक मोठे पाप आहे, आणि आयखेनबर्गच्या चित्रावरही कोणी हा आरोप करू शकेल: प्रभूला रांगेत उभे केले म्हणजे रांगच पवित्र झाली, मग ती मोडायची कशाला? या आरोपाला चित्र एकटे उत्तर देऊ शकत नाही. उत्तर त्याच्या शेजारच्या स्तंभात होते. तेथे संपावरील कामगारांच्या बातम्या होत्या, घरमालकांविरुद्धच्या तक्रारी होत्या. आणि पत्राच्या दाराशी सकाळी खरी रांग होती. चित्राचा अर्थ ते जेथे टांगलेले असते त्या भिंतीवर पुष्कळसा अवलंबून असतो.

५

भिंतीचा हा प्रश्न आपल्या काळात टिमोथी श्माल्ट्झ या कॅनडातील कॅथलिक शिल्पकाराच्या 'होमलेस जीझस' या ब्राँझच्या शिल्पाने पुन्हा उभा केला. सार्वजनिक बाकावर एक माणूस चादर ओढून झोपला आहे. चेहरा झाकलेला आहे, हात झाकलेले आहेत. उघड्या पावलांवर खिळ्यांच्या खुणा आहेत, तेवढ्यावरून तो कोण हे कळते. पायांशी एकाला बसता येईल एवढी जागा मुद्दाम सोडली आहे. टोरोंटो आणि न्यूयॉर्क येथील दोन प्रसिद्ध कॅथीड्रलांत या शिल्पाला जागा मिळू शकली नाही. २०१३ साली टोरोंटोतील येशूसंघीयांच्या रेजिस महाविद्यालयाने ते स्वीकारले. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या प्रतिकृतीला आशीर्वाद दिला, आणि पुढे त्याच्या प्रती जगातील अनेक शहरांत बसल्या.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डेव्हिडसन या सुखवस्तू गावी २०१४ साली एका चर्चबाहेर ही प्रत बसवली, तेव्हा कोणी बेघर माणूस झोपला आहे असे समजून एका रहिवाशाने पोलिसांना कळवले. हा प्रसंग हसून सोडून देण्यासारखा नाही. शिल्पाने आपले काम नेमके तेथेच केले. पुतळा आहे हे कळल्यावर भक्तिभाव दाटून आला असेल; पण पुतळा आहे हे कळण्याआधी जे घडले ती त्या समाजाची खरी प्रतिक्रिया होती.

तरीही आम्हांला या शिल्पाविषयी एक अस्वस्थता वाटते. अमेरिकेच्या सरकारी मोजणीनुसार जानेवारी २०२४ मधील एका रात्री त्या देशात ७ लाख ७१ हजारांहून अधिक माणसे बेघर होती. त्याच वर्षी जून महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात, उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याचा अधिकार नगरपालिकांना आहे असा सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. म्हणजे ब्राँझचा माणूस बाकावर वर्षानुवर्षे झोपू शकतो. हाडामांसाच्या माणसाला तेथून उठवता येते. पाऊस पडला तरी पुतळ्याला थंडी वाजत नाही, त्याला वास येत नाही, तो कोणाकडे काही मागत नाही. संपन्न समाज असा गरीब आनंदाने स्वीकारतो. श्माल्ट्झने पायांशी सोडलेली जागा हेच या आक्षेपाला त्याचे उत्तर आहे. तेथे कोणी पर्यटक छायाचित्रासाठी बसतो, की रात्री खरोखरच कोणी बेघर येऊन टेकतो, यावर त्या कलाकृतीचे यश ठरणार आहे. आणि ते शिल्पकाराच्या हातात राहिलेले नाही.

६

या सर्व विवेचनातून आम्ही एवढाच निकष हाती घेतो: दारिद्र्यावरील कलाकृतीने किती दया उत्पन्न केली हे मोजू नये, तिने पाहणाऱ्याला कोठे उभे केले हे पाहावे. तिने चौकटीतून काय कापले, नाव विचारले की नाही, आणि जेवढे माणसाने स्वखुशीने दिले तेवढेच घेतले की अधिक, हे पाहावे.

हा निकष परक्यांना लावून आपण सुटू नये. आपल्या समाजातही आता पूर्वीचे दिवस राहिलेले नाहीत. ज्यांच्या आजीने डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठला, त्यांची नातवंडे आज मोटारीतून मिस्साला येतात, यात वाईट काहीच नाही. पण प्रायश्चित्तकाळ आला की आपल्या आवाहनपत्रकांवर एक उघडे, मोठ्या डोळ्यांचे मूल छापले जाते. त्याचे नाव आपण विचारलेले नसते. त्याच्या आईला कोण किती मजुरी देतो, आणि तो देणारा आपल्याच धर्मग्रामातला आहे काय, हे पत्रकात येत नाही. आपल्या कथांतील मोलकरीण शेवटच्या परिच्छेदात मालकिणीचे डोळे उघडण्यासाठी आजारी पडते. तिच्या स्वतःच्या मनात काय होते, हे कथाकाराला सुचलेले नसते. आम्हीही अशा कथा छापल्या आहेत.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात पत्रक काढणाऱ्यांनी छायाचित्रकारासोबत एक वही पाठवावी, एवढी आमची साधी सूचना आहे. आधी नाव लिहून घ्यावे, मग त्या माणसाला काय सांगायचे आहे ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, छायाचित्र छापू का असे विचारावे, आणि छापलेले पत्रक त्याच्या घरी नेऊन त्याला दाखवावे. तो नाही म्हणाला तर छापू नये. त्या पत्रकाला देणग्या कदाचित कमी येतील. पण ते वाचताना कोणाला तरी आपल्या घरच्या कामवालीचे संपूर्ण नाव आपल्याला ठाऊक नाही, हे प्रथमच लक्षात येईल.